फावल्या वेळेतला हात

माझ्या उजव्या हाताची किंमत अमरावतीच्या कोर्टात ठरली. ती कमी करायला माझा सख्खा भाऊ गेला होता, आणि जाताना मोटरसायकलवर मलाच मागे बसवून घेऊन गेला होता. कोणी म्हणेल, बाई कडू बोलते. बोलते बाप्पा. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

आमचं गाव रिद्धपूरच्या अलीकडे, संत्र्याच्या पट्ट्यात. वडिलांची संत्र्याच्या कलमांची रोपवाटिका होती, विहिरीला लागून दोन एकर. माझं लग्न अकोल्याला झालं आणि दीड वर्षात मोडलं. नवऱ्याचं आधीच दुसरीकडे जमलेलं होतं. ते अर्ध्या अकोल्याला माहीत होतं, आम्हालाच नव्हतं. बाविसाव्या वर्षी मी ट्रंक घेऊन परत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांनी माझ्या हातात कलमाचा चाकू दिला आणि वाफ्यावर बसवलं. तेव्हापासून वीस-बावीस हिवाळे मी त्या वाफ्यांवर काढले.

कलम बांधणं सांगायला सोपं आहे. जंबेरीचं, म्हणजे रानटी लिंबाचं, रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की त्याच्या सालीला चाकूनं आडवा-उभा काप द्यायचा, साल हलकेच उचलायची, चांगल्या झाडाच्या काडीवरून काढलेला संत्र्याचा डोळा आत सरकवायचा, अंगठ्यानं दाबून बसवायचा आणि वरून प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची. जंबेरीची मुळं, संत्र्याचं झाड. पण डोळा म्हणजे नखाएवढा सालीचा तुकडा. चाकू केसभर खोल गेला की गेला, हात थरथरला की गेला. सगळी करामत उजव्या अंगठ्याची. मी दिवसाला सात-आठशे डोळे भरत होते आणि शंभरातले पाच-सातच मरत होते. हे मी स्वतःची आरती म्हणून सांगत नाही. हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान. मी परत आले तेव्हा तो शाळेत होता. आई नव्हती, त्यामुळे त्याचा डबा, त्याचे कपडे, त्याचा ताप, सगळं माझ्याकडे आलं. वडील गेल्यावर त्यानं कारभार हाती घेतला. गिऱ्हाईक तो पाहायचा, वाफे मी पाहायची. परवाना त्याच्या नावचा, पावतीपुस्तक त्याच्या नावचं, रस्त्यावरच्या पाटीवर नावही त्याचंच. हंगामात वरुडकडून कलमा बांधणारे यायचे; त्यांना हजारी भाव, म्हणजे हजार कलमांमागे एवढे पैसे, ठरलेला असायचा. त्यांच्यातल्या दोघांचं काम मी एकटी करायची, आणि मला कोणी काही देत नव्हतं.

देत नव्हतं म्हणजे, मी घेतच नव्हते. आमच्याकडे माहेरी राहिलेल्या बहिणीनं भावाकडून मजुरी घेणं म्हणजे भावाचं नाक कापणं. दिवाळीला साडी, भाऊबीजेला ओवाळणी, दुखलं-खुपलं तर दवाखाना, एवढं झालं की सगळं झालं. एकदा कामावरच्या एका बाईनं मला गमतीनं विचारलं होतं की बाई, तुमची मजुरी कितीनं? मी तिला असं फाडून खाल्लं की ती बिचारी दोन दिवस माझ्या वाफ्याकडे फिरकली नाही. आपल्या घरी कोणी मजुरी घेते का, हा माझा तोरा होता. त्या तोऱ्यावर मी वीस वर्षं काढली.

अपघात झाला त्या वर्षी अकोल्याकडच्या एका गिऱ्हाइकाचा फोनवर फोन सुरू होता. आमच्याकडून नेलेली निम्मी झाडं फुटत नाहीत म्हणत होता, पैसे परत मागत होता. भाऊ मला म्हणाला, बाई, तूच जाऊन ये, तुलेच समजते त्यातलं. मी एसटीनं गेले. बाग पाहिली. शहाण्यानं कलमाचा जोड मातीत गाडून झाडं लावली होती. मग फुटतील कशी? त्याला चार झाडं उकरून दाखवली, माती कुठपर्यंत ठेवायची ते सांगितलं. भला माणूस, चहा पाजला, फोन करून भावाजवळ माझी तारीफ केली. परत येताना एसटीला उशीर होता म्हणून काळीपिवळीत बसले. मूर्तिजापूर सोडल्यावर एका ट्रकनं समोरून येऊन आमची गाडी बाजूनं फाडत नेली. मी खिडकीकडे होते आणि हात खिडकीवर होता.

जीव वाचला. अमरावतीच्या दवाखान्यात तीन ऑपरेशनं झाली. हाडं जुळली, पण अंगठ्याकडची शीर आणि अंगठा हलवणाऱ्या दोऱ्या गेल्या त्या गेल्याच. अंगठा जागेवर आहे, त्यात जोर नाही. चमचा धरता येतो, कुंकू लावता येतं. भाकरी थापते, ती एका बाजूनं जाड राहते. चाकू धरला की गळून पडतो. पहिल्या हिवाळ्यात मी कोणी नसताना वाफ्यावर बसून पाहिलं. सकाळभरात अकरा डोळे भरले. पंधरवड्यानं अकराच्या अकरा काळे पडले होते.

माहेरी राहणाऱ्या बाईची जागा तिच्या हातात असते. हे कोणी तोंडानं म्हणत नाही, पण दिसतं. भावजय वाईट नाही, खोटं कशाला बोलू. तरी आधी चहाचा पहिला कप वाफ्यावर मला यायचा, तो हळूहळू शेवटचा झाला. पाहुणे आले की मला आत बसायला सांगू लागले. माझ्या मनात एकच होतं: अपघाताच्या दाव्याचे पैसे आले की मोर्शीच्या बाजूला भाड्यानं अर्धा एकर घ्यायचा, एक खोली बांधायची, दोन बायका शिकवून हाताखाली घ्यायच्या, आणि डोळा त्यांनी भरायचा, नजर मी ठेवायची. माझा हात गेला होता, अक्कल गेली नव्हती. तेवढ्यासाठी मी कोर्टाची पायरी चढले.

अमरावतीच्या कोर्टात मला एक तरुण वकीलबाई भेटल्या. मला वाटत होतं की हाताचा काही सरकारी भाव असेल: बोटाचा एवढा, अंगठ्याचा एवढा. त्या हसल्या. म्हणाल्या, दवाखान्याची बिलं, औषधं, येणं-जाणं हे तर आहेच, भोगलेल्या दुखण्याचंही काही धरतात, पण खरा आकडा तिथून येत नाही. डॉक्टर टक्का लिहून देतो की हात किती निकामी झाला. मग कोर्ट विचारतं, हा हात करत काय होता? तोच अंगठा एखाद्या मास्तराचा गेला तर तो डाव्या हातानं खडू धरेल, पगार चालू राहील. तुमचा गेला तर तुमचं कामच गेलं. मग तुम्ही महिन्याला किती कमावत होता ते पाहायचं, त्यातलं किती बुडालं ते काढायचं, आणि वयाप्रमाणे जो गुणक असतो त्यानं गुणायचं. वय कमी तर गुणक मोठा.

मला ते ऐकून इतकं बरं वाटलं की काय सांगू. कायदा हाताला हात म्हणून पाहत नव्हता, तो काय करत होता ते विचारत होता. वीस वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. मी त्यांना सगळं सांगितलं, सात-आठशे डोळे, शंभरात पाच-सात, सगळं. त्या लिहून घेत होत्या. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि कागद मागितला. मजुरीची पावती, हजेरीचं पुस्तक, बँकेत जमा झालेलं काही, कशावर तरी माझं नाव. कशावरच नव्हतं. कागद नसला की मग काय, मी विचारलं. त्या म्हणाल्या, मग कोर्ट तुम्हाला घर सांभाळणारी बाई धरेल आणि अंदाजानं एक उत्पन्न लावेल. ते अगदी शून्य नसतं, पण ते तुमच्या अंगठ्याचं नसेल.

म्हणून माझी आणि भावाची साक्ष. भावाचं शपथपत्र त्यांनी तयार केलं. त्यात होतं की बहीण रोपवाटिकेत कलमा बांधायचं कसबी काम करत होती, तेच काम बाहेरच्या माणसाकडून करवलं तर हंगामात एवढे-एवढे पैसे लागतात, आणि अपघाताच्या दिवशी ती रोपवाटिकेच्याच कामानं अकोल्याला गेली होती. वकीलबाईंनी त्याला वाचून दाखवलं. त्यानं मान हलवली आणि सही केली. बाहेर येऊन त्यानं मला उसाचा रस पाजला.

माझी साक्ष आधी झाली. ट्रकच्या विमा कंपनीचा वकील म्हातारा होता आणि फार गोड बोलायचा. ताई, ताई करत त्यानं विचारलं की मी भावाकडे राहते का. हो. जेवण-खाण भावाकडेच? हो. मग भाऊ महिन्याला किती मजुरी देत होता? वकीलबाईंनी मला आधीच बजावलं होतं: नुसतं सांगा की काम करत होते, मजुरी घरखर्चात धरत होतो. पण त्याच्या त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "भावाकडून मजुरी घ्यायला मी काय परकी आहे?"

माझ्या तोंडून ते अगदी ताठ्यात निघालं. म्हाताऱ्यानं हात जोडल्यासारखे केले आणि तो खाली बसला. कोर्टानं लिहून घेतलं की अर्जदाराला कधीही मजुरी मिळाली नाही. वकीलबाई माझ्याकडे पाहत नव्हत्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. आता सगळं तुमच्या भावावर आहे. मी म्हटलं, काळजी करू नका, त्याला मी अंगाखांद्यावर वाढवलं आहे.

त्याची तारीख दोन महिन्यांनी आली. त्या दिवशी मला मागे बसवून तो अमरावतीला घेऊन गेला. रस्त्यानं गाडी उगाच जोरात हाणत होता. मला वाटलं, कोर्टाचं दडपण असेल.

पिंजऱ्यात उभा राहिल्यावर त्यानं एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. म्हाताऱ्यानं तोच प्रश्न विचारला आणि भावानं सांगितलं की मजुरी दिली नाही. तिथपर्यंत ठीक होतं, ते मीही बोलून बसले होते. मग म्हाताऱ्यानं विचारलं की कलमा बांधायला तुम्ही दरवर्षी बाहेरून माणसं आणता ना? आणतो. म्हणजे काम तीच माणसं करतात? हो, म्हणाला, तीच करतात. आणि बहीण? बहीण घरीच राहते, कधीमधी हातभार लावते. अकोल्याला कशासाठी गेली होती? तिचं सासर आहे तिथं, नात्यागोत्यात गेली असेल. आणि शपथपत्रात वेगळं लिहिलं आहे ते? ते वकीलबाईंनी लिहिलं, मी न वाचता सही केली.

वीस वर्षं ज्या सासरचं नाव घरात काढायचं नाही असा दंडक होता, त्या सासरी त्यानं मला भर कोर्टात पाठवलं. मी उठून उभी राहिले होते म्हणे. मला आठवत नाही. शिपायानं हातानं खूण करून बसवलं, एवढं आठवतं. समोर टंकलेखक बाई लिहीत होती: हे म्हणणे खरे आहे की, हे म्हणणे खरे आहे की. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला तेच.

आपलेच दात, आपलेच ओठ. पण ओठ चावून गप्प बसणं वेगळं आणि त्याच दातांच्या मागे मोटरसायकलवर बसून घरी जाणं वेगळं. शेवटची एसटी निघून गेली होती आणि माझ्या पिशवीत दवाखान्याच्या फायलीशिवाय काही नव्हतं. डाव्या हातानं मी सीटच्या मागची दांडी धरली. त्याच्या खांद्याला हात लावला नाही. वाटेत त्यानं चहाला गाडी थांबवली. मी चहा घेतला नाही. त्यानं दोन्ही कप प्यायले, आणि गाडी सुरू करताना विचारलं की उन्हाचं डोकं दुखते का बाई. मला त्याच्या डोक्यात ती फाईल घालावीशी वाटली.

खरं कारण मला भावजयीकडून कळलं, तेही आठ दिवसांनी, भाजी निवडताना. तारखेच्या आधी तिच्या नात्यातल्या कोणीतरी भावाच्या कानात भरलं होतं: बहीण कामाला होती असं कोर्टात लिहून दिलंस की वीस वर्षांची मजुरी तुझ्या अंगावर येईल, तीही व्याजासकट. मी लगेच वकीलबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, या दाव्यात असं काही होत नाही, पैसे ट्रकच्या विमा कंपनीनं द्यायचे असतात. त्यानं मला एकदा विचारलं असतं तर मी हाच फोन आधी केला असता. पण त्यानं विचारलं नव्हतं. माझ्यासमोर बसून जेवत होता, तेव्हाही विचारलं नव्हतं. अकोल्याच्या त्या गिऱ्हाइकाला साक्षीला या म्हणून मी स्वतः फोन केला. ताई, तुमचं सगळं खरं आहे, तो म्हणाला, पण मले कोर्टाच्या भानगडीत पाडू नका.

निकाल लागला तेव्हा वकीलबाईंनी मला समोर बसवून वाचून दाखवला. दवाखान्याची बिलं मंजूर झाली. दुखण्याचे, प्रवासाचे पैसे मंजूर झाले. वयाचा गुणक बरोबर धरला होता, डॉक्टरचा टक्काही मानला होता. फक्त मधली एक ओळ होती, तिच्यावर सगळा गुणाकार उभा होता: अर्जदार ही गृहिणी असून फावल्या वेळेत भावास मदत करीत असे. उत्पन्न अंदाजानं, घरकामाचं. मी त्यांना म्हटलं, ती ओळ पुन्हा वाचा. त्यांनी वाचली. फावल्या वेळेत. हिवाळ्यात पहाटेपासून दिवस बुडेपर्यंत माझी बोटं चिकानं काळी असायची, जेवताना पोळी डाव्या हातानं तोडायची मी. तो माझा फावला वेळ होता.

नागपूरला अपील करता येईल, त्या म्हणाल्या, पण तुमच्या भावाची साक्ष तिथेही तशीच राहील. मिळाले त्या पैशांत दवाखान्याचं देणं फिटलं आणि थोडं उरलं. अर्धा एकर आणि खोली त्यात बसत नव्हती. मी परत त्याच घरी, त्याच मागच्या खोलीत आले. जाऊ कुठे?

एक मात्र मी मनाशी पक्कं केलं होतं. पोरगा भेला, म्हणून फिरला. भीतीनं माणूस आईलाही विकतो. लोभही असेल थोडा. लोभ कोणाला नाही? आज ना उद्या त्याला लाज वाटेल, तो माझ्यासमोर येऊन बसेल आणि म्हणेल की बाई, चुकलो. मग मी त्याला दोन शिव्या देईन आणि सोडून देईन. या एका आशेवर मी त्याच्या हातचं खात राहिले. दोन हिवाळे गेले.

या वर्षी वरुडची जुनी माणसं आली नाहीत, त्यांना दुसरीकडे जास्त भाव मिळाला. भावानं नवीन टोळी आणली. चार दिवस काम झाल्यावर तो सकाळी मागच्या खोलीच्या दारात आला. बाई, जरा चाल, यांचं काम पाहून घे, मले काही समजून नाही राहिलं. मी गेले. वाफ्याच्या कडेनं चालत गेले, दोन-चार ठिकाणी वाकून पाहिलं. तो मागे उभा होता, टोळी पलीकडे बिड्या ओढत होती. बऱ्याच दिवसांनी आम्ही दोघंच होतो, म्हणून मी विचारलं.

"कोर्टात खोटं काहून बोलला?"

तो जरा गोंधळला. मजुरी अंगावर येईल म्हणून भेला असशील, मीच त्याला वाट करून दिली. हाव, म्हणाला, थेही होतं मनात. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं, अगदी सरळ, लहानपणी पाढे म्हणून दाखवताना पाहायचा तसं.

"पण खोटं काय बोललो बाई? तू कामाले कुठी होती माह्याकडं? तू त घरचीच होती."

मी त्याला तो रांगायचा तेव्हापासून ओळखते. तो खोटं बोलत नव्हता, सारवासारवही करत नव्हता. त्याला माझं नवल वाटत होतं. वीस हिवाळे मी त्याच्या डोळ्यांसमोर त्या वाफ्यांवर वाकलेली होते आणि त्यानं मला काम करताना कधी पाहिलंच नव्हतं. भीतीनं बोलला असता तर मी माफ केलं असतं. याला माफ काय करायचं? याला तर चूकच ठाऊक नाही.

वाफ्यावरच्या पट्ट्या सैल होत्या. नवीन टोळी भाव हजारी म्हणून घाई करत होती. डोळा बसवत होती बरा, पण वरचा वेढा आवळत नव्हती. पट्टी सैल राहिली की फटीतून दहिवर आत जातं आणि पंधरवड्यात डोळा काळा पडतो. अजून वेळ होता. त्या दिवशीच सगळ्या पट्ट्या पुन्हा आवळून घेतल्या असत्या तर बहुतेक कलमा वाचल्या असत्या. टोळीनं चार दिवसांत बांधलेलं काम होतं, वाफ्यामागून वाफे, पार विहिरीपर्यंत.

तो विचारत होता, ठीक हायेत ना बाई?

"हाव," मी म्हटलं, "ठीक हायेत."